उतराबाईचा अंगठा

आमच्या खालच्या आळीत उतराबाईबद्दल चार चांगले शब्द बोलणारा माणूस हवा असेल, तर परगावचा पाहुणा शोधावा लागेल, आणि तोही सकाळीच आलेला. संध्याकाळपर्यंत त्याचंही मत आमच्यासारखं होतं. कारण दुपारी उतराबाई वही घेऊन दारात येते आणि त्याला तोंडावर विचारते, "तुम्ही पोहणारे की बुडणारे?"

मी पाट्या रंगवणारा माणूस. आळीतल्या साठ घरांच्या पाट्या माझ्या हातच्या. कोणाच्या घरात काय शिजतं आणि काय करपतं, हे मला दारात शिडी लावून उभं राहिल्या राहिल्या कळतं. तेव्हा सांगतोय ते बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं आहे. कुठे रंग कमी पडला तिथे थोडा माझ्या पदरचा घातला असेल, पण भिंत खरी आहे.

तिचं नाव उतराबाई पडलं ते धक्क्यावर. पलीकडच्या गावाला जाणारी लाँच होती तेव्हा ही तिथे सव्वीस वर्षं नोकरीला होती. लाँच लागली की भोंगा तोंडाला लावून "उतरा, उतरा, उतरा" ओरडायचं आणि धक्का मोकळा झाला की "चढा" ओरडायचं. लोकांच्या लक्षात 'उतरा'च राहिलं. चढताना माणूस घाईत असतो, उतरताना त्याला अपमान जाणवायला वेळ असतो. तिचा नवरा ताडपत्र्या शिवतो. त्याच्या वाटणीचं सगळं त्याचं मशीनच बोलतं. मी त्याला एकदा विचारलं, "काय हो, घरातही अशीच बोलते का?" तो दोरा ओवता ओवता म्हणाला, "घरात भोंगा लागत नाही."

मग पूल झाला, लाँच बंद पडली, आणि कचेरीने तिला वादळाच्या तयारीचं काम दिलं. हे काम दुसऱ्या कोणालाच नको होतं. चांगल्या हवेत लोकांना बुडण्याच्या गोष्टी सांगत फिरायचं आणि वाईट हवेत त्यांना स्वतःच्या घरातून हाकलायचं. शिव्या दोन्ही ऋतूंत सारख्याच. उतराबाईला त्यांची सवय होती, म्हणून तिची निवड झाली असं आम्ही म्हणायचो, आणि तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचो.

आमची आळी म्हणजे पुढे समुद्र, मागे खाडी आणि मध्ये आम्ही. घरांच्या दोन रांगा. एका रांगेची पाठ समुद्राच्या दगडी बांधाला टेकलेली, समोरची रांग पुरुषभर उंचावर. बाहेर पडायला एकच रस्ता आणि त्याच्या तोंडाशी, बर्फाच्या कारखान्याजवळ, एक बुटकी मोरी. मोरीच्या कठड्यावर मी पांढरी रेष मारली आहे. पाणी रेषेला लागलं की बस निघू शकत नाही, आणि मग वर टेकडीवरच्या शाळेत पोचायचा रस्ता फक्त माशांना मोकळा.

वादळाचा हंगाम लागायच्या महिनाभर आधी उतराबाईची फेरी सुरू होते. गळ्यात भोंगा, काखेत आकड्यांची वही. दाराशेजारच्या पत्र्याच्या पाटीवर तीन रकाने: माणसं, उचलायची, बुडणारी. मग ती घरात शिरते आणि विजेचा मुख्य खटका दाखवा म्हणते, गॅसची कळ फिरवून दाखवा म्हणते. दाराजवळची पिशवी उलटी करते. औषधं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं, बॅटरी, जादा चष्मा. एकदा माझ्या पिशवीत पत्त्यांचा जोड निघाला. तिने तो दोन बोटांत धरला आणि म्हणाली, "बुडताना कोणाला पिसायला देणार?"

आता हे 'उचलायची' आणि 'बुडणारी' काय प्रकरण आहे, ते सांगतो. पहिल्या वर्षी मास्तरीणबाईंच्या घरी काय झालं ते मी शिडीवरून पाहिलं. त्यांच्या सासूबाई गुडघ्यांमुळे जागच्या हलत नाहीत.

उतराबाईने विचारलं, "घरात माणसं किती?"

"पाच."

"उचलायची किती?"

"म्हणजे? अहो, अजून सगळे धडधाकट आहेत आमच्याकडे! उचलायची काय?"

"खुर्चीत घालून उचलायची. किती?"

आतून सासूबाई ओरडल्या, "कोण आहे गं? कोणाला उचलताय?"

"एक," उतराबाईने लिहिलं. "बुडणारी?"

"बाई, तोंड सांभाळा. घरात असं बोलतात?"

"पोहणारी सांगा. पाचातून वजा करते."

साधं "चालता न येणारी" आणि "पोहता न येणारी" विचारलं असतं तर सासूबाईंनी चहा दिला असता. पण तेव्हापासून आजतागायत... थांबा, आजतागायत नव्हे, परवा परवापर्यंत, उतराबाईच्या तोंडून 'न' बाहेर पडला नव्हता. नाही, नको, नका, नये, नव्हे, सगळे तिने जिभेवरून हद्दपार केले होते. भोंग्यावर तर नाहीच, घरात, बाजारात, शेजाऱ्याशी भांडतानासुद्धा नाही. 'न' शिवाय भांडणं हे काय दिव्य आहे, हे करून बघा म्हणजे कळेल.

आम्ही तिला त्यावरून छळत असू. नळावर, दुकानात, मुद्दाम असे प्रश्न विचारायचे की उत्तर 'नाही'च यावं.

"बाई, चहा घेणार?"

"पोट भरलंय."

"उद्या पाऊस आहे का हो?"

"कोरडं राहील."

बर्फवाल्याने एकदा कमाल केली. म्हणाला, "बाई, तुम्हाला मिशा आहेत का?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "माझ्या वाट्याच्या तुलाच दिल्यात, आणि त्याही तुला पेलेनात." मग जीभ चावली, कारण शेवटी 'पेलेनात' निसटलं. त्या एका 'ना'वर दुकान पंधरा दिवस हसत होतं.

हे 'न'चं सोवळं कशामुळे, तर तीन वर्षांपूर्वीच्या वादळामुळे.

तेव्हा माणसं हलवायची पद्धत नव्हती. घरात बसा, खिडक्यांना फळ्या ठोका, एवढीच तयारी. दुपारी वादळ आलं, दोन तास पत्रे वाजवले आणि एकाएकी थांबलं. पान हलेना. वादळाच्या पोटात अशी एक पोकळ जागा असते. ती डोक्यावरून जाते तेव्हा वाटतं संपलं, आणि मग उलट्या बाजूने वारा येतो तो पहिल्यापेक्षा वाईट. हे सगळ्यांना सांगायचं म्हणून कचेरीच्या साहेबांनी एक वाक्य लिहून आणलं होतं. बर्फाच्या कारखान्याच्या ओट्यावर उतराबाई कागद धरून उभी आणि शेजारी साहेब. वाक्य असं: "सर्व नागरिकांना नम्र विनंती करण्यात येते की, वादळाचा मध्यभाग आपल्या परिसरावरून जात असताना वारा पूर्णपणे थांबल्यासारखा भासला, तरी पुढील सूचना मिळेपर्यंत कोणीही घराबाहेर पडू नये."

आपल्या भाषेची ही एक खोड आहे. सगळं वाक्य ऐकून होतं आणि अगदी शेवटच्या घासाला कळतं की करायचं होतं की नव्हतं. त्या दिवशी आळीने ऐकलं ते एवढंच: "...वारा पूर्णपणे थांबल्यासारखा... कोणीही घराबाहेर पडू..."

आणि पुढे काही नाही.

पडू म्हणजे काय? लोकांनी आपापल्या सोयीने वाक्य पुरं केलं. पडू शकतो. पडू लागा. सरकारी भाषा आहे, त्यात काय एवढं! सातआठ जण बाहेर आले. त्यांत एक बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा होता, अक्काचा नवरा. अक्का म्हणजे उतराबाईची थोरली नणंद, ताडपत्रीवाल्याची सख्खी बहीण. ती बांधाकडच्या रांगेत राहायची, अगदी भावाच्या दारासमोर. नवरा आपल्या शेडचे पत्रे राहिलेत का ते बघायला गेला. वीस मिनिटांनी वारा उलटा फिरला आणि त्यातल्याच एका पत्र्याने त्याला गाठलं. बाकीचे पळत घरात आले. तो आला नाही.

उतराबाईचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच. "मी पूर्ण बोलले. शेवटचा शब्द वाऱ्याने खाल्ला." त्या दिवसापासून तिने 'न' सोडला. शेवटी येणारा शब्द वारा खाणार असेल, तर शेवटी काही महत्त्वाचं ठेवायचंच कशाला? 'बाहेर पडू नका' बंद, 'आत बसा' सुरू. तोडगा चांगला होता. आम्हालाही तो पटला, पण पटलं असं सांगायला कोणी गेलं नाही.

पण अक्का मानायला तयार नव्हती. तिने नवऱ्याचे तेरा दिवस संपल्यावर भर रस्त्यात विचारलं, "वारा थांबला होता म्हणून तर हे बाहेर गेले. मग वाऱ्याने खाल्लं कसं?"

झालं. आळीत दोन तट पडले. वारा-पक्ष म्हणायचा, कारखान्यापाशी थोडी झुळूक असणारच, दोन इमारतींमध्ये वारा घुमतो. अंगठा-पक्ष म्हणायचा, झुळूक कसली डोंबलाची! ज्यांनी लाँचने प्रवास केला त्यांना बाईची सवय माहीत आहे. धक्क्यावरच्या भोंग्याचे सेल वर्षातून दोनदाच मिळायचे, म्हणून सेल वाचवायला ती वाक्य संपायच्या आतच बटणावरून अंगठा उचलायची. "लाँच लागल्याशिवाय उठू" आणि टक्. आम्ही बाकावरून ओरडायचो, "उठू की बसू, बाई?" सव्वीस वर्षं वळलेला अंगठा एका वादळासाठी सरळ होतो होय? मी स्वतः अंगठा-पक्षाचा. माझी बायको वारा-पक्षाची. आमच्या घरात सहा महिने चहा दोन वेगळ्या भांड्यांत उकळत होता.

अक्काचा पक्ष वेगळाच होता. तिचं मत नव्हतं, तिच्याकडे पुरावा होता. ती खिडकीत उभी होती. तिने ते 'टक्' ऐकलं होतं.

"ते टक् कशाचं होतं, हे ती स्वतःच्या तोंडाने सांगत नाही तोवर तिच्या शब्दावर मी उंबरा ओलांडणार नाही. समुद्र घरात आला तरी नाही," असं तिने भावाला सांगितलं. तिने सांगितलं म्हणजे तसंच होणार. ती शाळेत परीक्षेचे पेपर वाटायच्या कामावर होती. मिनिटभर आधी कोणाला पेपर दिला नाही, मिनिटभर उशिरा कोणाचा घेतला नाही.

मग तीन वर्षं समोरासमोरची दोन दारं एकमेकींवर डोळे वटारून बसली. ही झाडायची तो कचरा तिच्या पायरीपर्यंत, ती पाणी टाकायची ते हिच्या पायपुसण्यापर्यंत. मध्ये ताडपत्रीवाला, दोन्हीकडचं टपाल. दर वर्षी सराव व्हायचा, भर दुपारी कारखान्याचा भोंगा दोनदा वाजायचा आणि साठातली एकोणसाठ घरं पिशव्या घेऊन, शिव्या देत, टेकडी चढायची. अक्का खिडकीत बसून डाळ निवडायची. तिच्या दाराची पाटी तिने माझ्याकडून रंगवून घेतली होती. "माणसं: एक. उचलायची: शून्य. बुडणारी: आमची मर्जी." उतराबाईने ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "रंग वाया घालवलात."

यंदा खरंच आलं. आदल्या दिवशी कारखान्याचा एक लांब भोंगा झाला, म्हणजे तयारीत राहा. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोन भोंगे, म्हणजे निघा. आकाश शिळ्या पोळीसारखं करडं झालं होतं आणि समुद्र बांधावर डोकं आपटत होता. उतराबाई आळीत सुटली. "पिशवी उचला! खटका पाडा! दाराला रिकाम्या घराचं पांढरं फडकं बांधा! उतरा, उतरा!" मास्तरीणबाईंच्या सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोन बांबूंवर उचललं, तेव्हा त्या वाटभर उतराबाईचा उद्धार करत होत्या. "मला उचलायला टपलीच होती मेली!" उतराबाई चालता चालता म्हणाली, "मान आत घ्या, तार आहे," आणि सासूबाईंनी मान आत घेतली, पण तोंड मिटलं नाही.

बसच्या दोन खेपा झाल्या. तिसरी, शेवटची, तीन वाजता मोरीजवळ उभी राहिली. मी त्यातच होतो, खिडकीपाशी. कचेरीचा नियम असा की उतराबाईने वहीत खाली राहिलेली माणसं शून्य लिहून सही केल्याशिवाय शेवटची बस हलत नाही. कोणी हट्टाने थांबलाच तर त्याच्याकडून 'स्वमर्जीने थांबत आहे' या कागदावर सही घ्यायची. अक्काने तो कागद घ्यायलाही नकार दिला, कारण तो उतराबाईच्या हातातून घ्यावा लागला असता.

आधी ताडपत्रीवाला गेला. रिकामा परत आला. "काय म्हणाली?" आम्ही विचारलं. "म्हणाली, तू मशीनवर बस जा." मग बर्फवाला गेला, तो दारातूनच परतला. साहेबांचा फोन आला, तो ड्रायव्हरने सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. "बाईंना सांगा, 'स्वमर्जी' लिहा आणि निघा. एका माणसासाठी चाळीस अडकवू नका."

ड्रायव्हर मोरीकडे बघून आला. "रेषेला चार बोटं राहिलीत."

मग बसमध्ये जे सुरू झालं ते काही सांगायला नको. कोणी अक्काला शिव्या देत होतं, कोणी उतराबाईला, काही जण वेळ वाचवायला दोघींना एकदम. "दोघींच्या भांडणात आम्हाला बुडवणार या!" "लिही गं बाई, स्वमर्जी लिही!" "तिला मरायचंय तर मरू दे ना!" हे शेवटचं कोण बोललं ते मला माहीत आहे, ती रोज अक्काच्या ओट्यावर बसायला यायची.

उतराबाईने वही ताडपत्रीवाल्याच्या हातात दिली आणि गुडघाभर पाण्यातून अक्काच्या दाराकडे गेली. घर मोरीपासून चौथंच. खिडकीतून सगळं दिसत होतं, आणि आवाज दोघींचेही असे की वादळालाही दोन पावलं मागे सरून ऐकावंसं वाटावं.

"वन्सं, उतरा. बस उभी आहे."

"राहू दे उभी."

"पाणी दोन पायऱ्या चढलंय."

"माझ्या पायऱ्या मला मोजता येतात. तू तुझा अंगठा मोज."

"हे नंतर बोलू. शाळेत बोलू."

"नंतर तू दार लावून घेतेस. तीन वर्षं लावलंस. आज तुझी बस आहे, तुझी यादी आहे. आज तुला पळता येत नाही, म्हणून आजच बोलायचं. ते टक् कशाचं होतं?"

"वारा..."

"वारा टक् करत नाही."

बांधावरून एक लाट आली आणि अक्काच्या मागच्या खोलीत काहीतरी धाडकन कोसळलं. अक्काने मागे वळूनही पाहिलं नाही. उतराबाईने तिचा हात धरला. अक्काने तो झटकला.

"बरं," म्हणत उतराबाई खालच्या आवाजात काहीतरी बोलली. आम्हाला ऐकू आलं नाही, अक्काला आलं असावं, कारण ती मोठ्याने म्हणाली, "असं कानात नाही! ज्या भोंग्यातून माझ्या माणसाला बाहेर काढलंस, त्याच भोंग्यातून सांग. सगळ्यांना सांग."

उतराबाईने बसकडे पाहिलं. आम्ही चाळीस जण खिडक्यांना चिकटलेले. तिने भोंगा तोंडाशी नेला, खाली घेतला, परत नेला. भोंगा खरखरला.

"ऐका. त्या दिवशी वाऱ्याने काही खाल्लं नाही. वारा नव्हताच. 'नये' मी बोलले ते बटण सुटल्यावर. माझा अंगठा आधी सुटला. मला तेव्हाच कळलं. परत दाबून बोलता आलं असतं. बोलले नाही. कागद लांब होता, मला वाचताना अडत होतं, दोनदा अडखळले होते. साहेब शेजारी होते. परत वाचायला घेतलं तर हिला वाचता येत नाही असं म्हणतील, म्हणून नाही बोलले. इंजिनवाले माझ्यासमोरून गेले. त्यांना हाकसुद्धा मारली नाही."

तीन वर्षांचे साठवलेले 'न' एका दमात बाहेर पडले, आणि त्यातला एकही कोणी खाल्ला नाही. बोलून झाल्यावरही तिचा अंगठा बटणावरच होता. भोंग्यातून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, दम लागलेल्या जनावरासारखा.

मी अंगठा-पक्षाचा, मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मी खिडकीची काच पुसत बसलो.

अक्का एकेक पायरी खाली आली. पाणी मांड्यांपर्यंत. तिने उतराबाईच्या हातातला भोंगा धरला आणि तिचा अंगठा स्वतःच्या बोटांनी उचलून बाजूला केला. मग परत वर चढली. आम्हाला वाटलं, संपलं, आता ही आत जाऊन कडी लावते. तिने पिशवी काढली, दाराला कुलूप घातलं, कुलूप ओढून पाहिलं आणि उतराबाईला ओलांडून बसमध्ये चढली. मागोमाग उतराबाई. रेषेला एक बोट उरलं होतं. ड्रायव्हरने गाडी मोरीवरून काढली ती डोळे मिटूनच काढली असावी.

तुम्हाला वाटेल, आता आळीचं मन विरघळलं असेल. कुठलं! सगळ्यात जास्त खवळला तो वारा-पक्ष. माझी बायको तिच्या तोंडावर म्हणाली, "तीन वर्षं तुझ्यासाठी नवऱ्याशी भांडले गं मी! वेगळा चहा केला!" कोणी तिला बसायला जागा दिली नाही. टेकडी चढेपर्यंत ती दांडीला धरून उभी होती आणि सासूबाई बसच्या कोपऱ्यात ठेवलेल्या खुर्चीतून मोजून मोजून शिव्या घालत होत्या. अक्का पुढच्या बाकावर खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिने शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली होती.

त्या वादळात बांधाकडच्या रांगेतली घरं गेली. एकूण अकरा, सगळ्यांत आधी अक्काचं. कुलूप तेवढं चार दिवसांनी चिखलात सापडलं, लावलेलंच. माणूस एकही गेलं नाही, साठ घरांतून एकही नाही, आणि त्याबद्दल उतराबाईला कोणी एक शब्द बोललं असेल तर तो मी ऐकलेला नाही. तिला काढून टाका असा अर्ज मात्र लगेच गेला. साहेबांनी अंगठ्याची चौकशी लावली. वाक्याची चौकशी कोणी लावली नाही, कारण वाक्य साहेबांचं होतं. शेवटी तिच्या जागी कोण, असं विचारल्यावर सगळी आळी आपापल्या चपला बघू लागली आणि उतराबाई होती तिथेच राहिली. त्या अर्जावर सही करणाऱ्यांत मीही होतो, हे लपवत नाही.

पाणी ओसरल्यावर अक्का पिशवी घेऊन समोरच्या रांगेत भावाच्या दारात उभी राहिली. भावाने मशीन थांबवलं.

"हे माझ्या बापाचं घर आहे," ती म्हणाली. "खिडकीजवळचा पलंग माझा."

तो पलंग उतराबाईचा होता. ती आपली गादी गुंडाळून स्वयंपाकघरात गेली.

मी परवा त्यांची वाऱ्याने उडालेली पाटी नव्याने लावायला गेलो होतो. शिडीवर असताना अक्काला हळूच विचारलं, "मग अक्का, माफ केलंत का?"

"माफ?" ती म्हणाली. "माझ्या पलंगापासून चार हातांवर ती रात्रभर घोरते. तिला अजून झोप लागते. आधी ती झोप उडू दे."

आता त्या घरातून रोज दुपारी जेवणं झाली की आवाज येतो. ताडपत्रीवाला मशीन बंद करून ओट्यावर येऊन बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोट ओठांवर ठेवून दाखवतो. आत अक्का हातात लाकडी पट्टी घेऊन बसलेली असते आणि उतराबाईपुढे वर्तमानपत्र पसरलेलं. वाचायचं, मोठ्याने, पूर्णविरामापर्यंत. मध्ये अडलं की पट्टी जमिनीवर आपटते. "परत. पहिल्यापासून." उतराबाई तणतणते, अक्का तिच्या सगळ्या खानदानाचा उल्लेख करते, त्यात अक्काचा स्वतःचा भाऊही येतो. एकदा उतराबाईने वर्तमानपत्र भिरकावलं ते खिडकीतून थेट माझ्या रंगाच्या डब्यात. अक्काने हात बाहेर काढला. मी ते निथळून परत दिलं.

"कोरडा भाग बघ आणि वाच," ती आत म्हणाली. "हे वाक्य."

"हे फार लांब आहे, वन्सं."

"दिसतंय मला. म्हणूनच दिलंय."